स्वित्झर्लंडचे धबधबे: दोन मुलं, एक आजी आणि भरपूर ओले मोजे

जून संपता संपता आल्प्समधला बर्फ वितळून धबधबे फुगलेले असतात आणि तिथल्या बऱ्याच शाळांना अजून सुट्टी लागलेली नसते, त्यामुळे वाटांवर गर्दी कमी. तो आठवडा आम्ही पकडला. मंडळी पाच: आम्ही दोघं, दहा वर्षांची थोरली, सहावं नुकतंच लागलेला धाकटा आणि सासूबाई. सासूबाईंचा उजवा गुडघा चढावर काही बोलत नाही, उतारावर मात्र कुरकुरतो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचे निम्मे निर्णय त्या गुडघ्याने घेतले आहेत.

बर्फाची शिखरं, फिरती रेस्टॉरंट्स, चॉकलेटचे कारखाने हे सगळं यादीतून काढून टाकलं. मुक्काम शक्यतो एकच, लाउटरब्रुनेनला, आणि तिथून रोज एक धबधबा, जमेल तेवढा चालत. जागा निवडताना मी एकच गोष्ट पाहत होते. लहान मुलांना धबधबा नुसता बघण्यात पाच मिनिटांपलीकडे रस नसतो. त्यांना पाण्यात हात घालायचा असतो, दगड फेकायचे असतात, काठीने काहीतरी अडवायचं असतं. आणि प्रसिद्ध धबधब्यांना नेमके कठडे असतात. म्हणून रोज एक नावाजलेला धबधबा आणि त्याच वाटेवर हात लावता येईल असं थोडं पाणी, अशी जोडी शोधत गेले. एक दिवस ती जोडी जमली नाही. तो दिवस पुढे येईलच.

शनिवार: लाउटरब्रुनेन

इंटरलाकेन ओस्टहून निघणारी डोंगरगाडी मध्ये त्स्वायल्युचिनेनला दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर आणि डब्यांवर ते लिहिलेलं असतं, पण विमानप्रवासाने पेंगुळलेली माणसं वाचत नाहीत. आमच्यासमोर बसलेल्या एका कोरियन कुटुंबाला हे त्या स्टेशनवर पोचल्यावर कळलं. चार बॅगा, एक बाबागाडी आणि एक झोपलेलं मूल घेऊन ती मंडळी फलाटावरून दुसऱ्या डब्यांकडे जी धावली! धाकटा खिडकीला नाक लावून त्यांना ओरडून प्रोत्साहन देत होता, मराठीत. पोचले ते.

लाउटरब्रुनेनची दरी पहिल्यांदा बघताना मान दुखते. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, मधला तळ सपाट हिरवा, आणि कड्यांवरून जिकडेतिकडे पाणी खाली येतंय. दरीत 72 धबधबे आहेत असं तिथे सगळीकडे सांगतात. इतके धबधबे एकाच ठिकाणी का, हे थोरलीने विचारलं तेव्हा नवऱ्याने पावाच्या तुकड्यावर चमच्याने खोल चर काढून दाखवला. हिमयुगात मधल्या मोठ्या हिमनदीने दरी खोल कोरून काढली. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढी ताकद नव्हती, त्यांच्या दऱ्या वरच लटकत राहिल्या. बर्फ गेला आणि त्या लटकत्या दऱ्यांमधल्या ओढ्यांना खाली यायला कड्यावरून उडी मारण्याशिवाय दुसरा रस्ता उरला नाही. पाव नंतर धाकट्याने खाल्ला.

त्या दिवसांत नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणून जेवण उरकून श्टाउबाखपर्यंत गेलो. गावाच्या टोकालाच आहे तो. 297 मीटरची एकसंध उडी. पण खाली पोचेपर्यंत त्या पाण्याचं पाणीपण राहत नाही. वारा त्याला जिकडे नेईल तिकडे ते धुरासारखं हलत राहतं. जर्मन महाकवी गटे 1779 मध्ये इथे आला होता आणि या धबधब्यावरून त्याला कविता सुचली. कालिदासावर बेहद्द खूश झालेला तोच हा गटे, असं म्हटल्यावर सासूबाईंनी धबधब्याकडे जरा अधिक आदराने पाहिलं.

उन्हाळ्यात धबधब्याच्या मागच्या बाजूला एक छोटी वाट उघडी असते. चढ दमवणारा पण लहान, मग खडकातला बोगदा आणि पायऱ्या. वर तुषारांच्या पडद्याच्या आतून दरी दिसते. आत पाणी टपटपत असतं आणि पायाखाली निसरडं होतं, त्यामुळे चपला घालून जाऊ नका. आम्ही पाहिलेली दोनचार माणसं फ्लिपफ्लॉपमध्ये उतरत होती आणि कठड्याला मिठी मारून उतरत होती. खाली कुरणाच्या कडेला लहानसा ओहोळ वाहतो. मुलांनी तिथे अर्धा तास धरण बांधलं. पहिल्याच दिवशी दोन जोड मोजे ओले.

रविवार: पाऊस आणि ट्रुमेलबाख

रविवारी स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची सोडून. हे माहीत असल्याने शनिवारीच पाव, चीज, सफरचंदं, दही आणून ठेवलं होतं. रेस्टॉरंटमध्ये साध्या पदार्थालाही माणशी वीस-पंचवीस फ्रँक सहज जातात, तेव्हा पाच जणांनी रोज बाहेर जेवणं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं. दुपारी पाठीवरच्या पिशवीतलं आणि रात्री घरी शिजवलेलं, असा शिरस्ता ठेवला. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. गावोगावच्या दगडी हौदांतलं पाणी पिण्यालायक असतं. जिथे नसतं तिथे ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असते.

सकाळपासून रिमझिम चालू होती. अशा दिवशी ट्रुमेलबाखला जावं, कारण तिथे ऊन असलं तरी तुम्ही भिजणारच आहात. लाउटरब्रुनेनपासून नदीकाठाने साधारण तीन किलोमीटरची सपाट वाट आहे. पाटीवर पाऊण तास लिहिलेला. आम्हाला दीड लागला. गोगलगायी बघायच्या होत्या, गाईंच्या गळ्यातल्या घंटांचे आवाज वेगवेगळे ओळखायचे होते, आणि एका शेतघराबाहेर एक फ्रीज दिसला. आत चीजचे तुकडे, किमतीच्या चिठ्ठ्या, शेजारी पैशांचा डबा. माणूस कुणी नाही. थोरलीने स्वतः नाणी मोजून टाकली आणि मग दहा पावलं गेल्यावर परत जाऊन पुन्हा मोजली.

तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. लहान मुलं बरोबर असतील तर तिची दुप्पट करा आणि मग घाई करू नका. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरवाट, म्हणजे बूट चांगले हवेत आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की मुलांना घेऊन मागे फिरा.

ट्रुमेलबाख हा डोंगराच्या पोटातला धबधबा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या बाजूचं हिमनद्यांचं पाणी एका घळीतून खाली येतं, एका मागोमाग एक दहा टप्प्यांत, आणि भर असेल तेव्हा सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत. त्या पाण्याबरोबर वर्षाला 20,000 टनांहून जास्त दगडगोटे आणि गाळ वाहून येतो. खडकात खोदलेली लिफ्ट तुम्हाला वर नेते, पुढे बोगदे आणि पायऱ्या. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, आणि आत गेल्यावर कारण कळतं.

आवाज हा शब्द त्याला कमी पडतो. बोललेलं ऐकूच येत नाही. करड्या रंगाचं पाणी खडकात वळसे घेत, स्वतःवर आपटत, अंधारात नाहीसं होतं. दिवे लावलेले आहेत म्हणून दिसतं तरी. कठडा पक्का, उंच. हात पाण्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. पण धाकट्याने कठड्याच्या लोखंडावर तळहात टेकवला आणि डोळे मोठे करून मला खुणेने तसंच करायला सांगितलं. लोखंड थरथरत होतं. मग आम्ही सगळे, आजीसकट, रांगेत हात टेकवून उभे. मागून येणाऱ्या एका वयस्क जोडप्याने आमच्याकडे पाहून काही न विचारता आपलेही हात टेकवले.

उतरताना सासूबाई लिफ्टने गेल्या, आम्ही पायऱ्यांनी. बाहेर जून असला तरी आत गारठा असतो. जॅकेट डोक्यावर टोपी असलेलं हवं, छत्री आत निरुपयोगी. कड्याच्या बाजूने श्टेखेलबर्गपर्यंत जायचा विचार होता, पण धाकट्याची बॅटरी संपली होती. बस वेळेवर आली, तिथे ती येतेच.

एक सूचना इथेच देते. दरीतली नदी, वाइस ल्युचिने, दिसायला उथळ आणि दुधाळ असते. ती हिमनदीचं पाणी आहे: बर्फाइतकं गार आणि अंदाजापेक्षा जोरकस. आमच्याकडे नियम असा होता की नदीत फक्त दगड उतरतील, माणसं नाहीत. पाय बुडवायला बाजूचे ओहोळ.

सोमवार: म्युरेन, श्प्रुत्झ, गिमेलवाल्ड

सकाळी आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्रुचआल्प, तिथून कड्याच्या काठाने जाणारी छोटी गाडी म्युरेनला. 1,638 मीटरवरचं, मोटारी नसलेलं गाव. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिघंही एका ओळीत. सासूबाईंनी बाकावर बसकण मारली आणि मी इथेच राहते म्हणाल्या. त्यांना तासाभराने केबल कारने गिमेलवाल्डला येण्याची तिकिटं, पाण्याची बाटली आणि आमचा फोन नंबर दिला. “मी काय हरवणारे का?” असं म्हणून त्यांनी फक्त बाटली घेतली. नवऱ्याने तिकीट त्यांच्या पर्समध्ये हळूच सरकवलं.

आम्ही चौघं श्प्रुत्झच्या वाटेला लागलो. हा धबधबा कुठल्याही टूरच्या यादीत नसतो. उंचीचं कौतुक करावं असंही काही नाही. पण त्याच्या मागून चालत जाता येतं. वाट जंगलातून उतरते, पांढरा-लाल-पांढरा पट्टा आहे, मुळं ओली होती आणि एकदोन ठिकाणी मी धाकट्याचा हात सोडला नाही. 

जंगलात एका मोकळ्या जागी शेकोटीची दगडी चूल होती आणि तिच्याभोवती वीसेक मुलं. शाळेची सहल. सगळी सहा-सात वर्षांची, प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःची पिशवी, प्रत्येकाच्या हातात हिरवी काठी. आणि अर्ध्या मुलांच्या दुसऱ्या हातात चाकू. खरा, धारदार, घडीचा चाकू. माझ्या शेजारीच एक दात पडलेली मुलगी काठीचं टोक तासत होती. अंगठा पात्याच्या मागे, चाकू अंगापासून दूर सरकवायचा, एक साल निघाली की काठी थोडी फिरवायची. तिच्या बाई दहा फुटांवर दुसऱ्या कुणाच्या बुटाची नाडी बांधत होत्या. माझा जीव टांगणीला. मुलीने टोक तपासलं, चाकू मिटवला, खिशात टाकला.

काठीला सॉसेज टोचून भाजण्याचा कार्यक्रम होता. दोन्ही टोकांना फुलीसारखा छेद दिला की ते विस्तवावर चारी बाजूंनी फुलतं. आमच्या मुलांकडे पाहून बाईंनी डबा पुढे केला. आम्ही मांस खात नाही हे मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, तर त्यांनी दुसरा डबा उघडला. त्यात पावाचं भिजवलेलं पीठ. त्याची लांब वळी करायची, काठीभोवती गुंडाळायची आणि विस्तवावर फिरवत बसायचं. धाकट्याचं एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं. त्याने ते सगळं खाल्लं. थोरली आणि ती दात पडलेली मुलगी शेजारी बसून काठ्या फिरवत होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी सारख्या बोलत होत्या. निघताना बाईंनी धाकट्याला त्याची काठी ठेवून घ्यायला सांगितली. ती काठी पुढे झुरिचपर्यंत आली.

मग श्प्रुत्झ. खडकाच्या खोबणीतून वाट, बाहेर पाण्याचा पातळ पडदा, त्यातून झाडं वाकडीतिकडी दिसतात. कुणी नव्हतं. हात पुढे केला की पाणी मनगटावर आपटतं, आणि आपटतं म्हणजे लागतं. थोरलीने काठी आडवी धरून पाण्याचे दोन भाग केले. धाकटा आत-बाहेर, आत-बाहेर. नवरा म्हणाला पाच मिनिटं. पाऊण तासाने आम्ही निघालो. सगळ्या आठवड्यात मला एक जागा निवडायला सांगितली तर ही, आणि तिथे ना तिकीट आहे ना रांग.

गिमेलवाल्डला पोचलो तर सासूबाई एका शेताच्या बांधावर, हातात लाकडी दाताळं. एक आजीबाई उतारावरचं वाळलेलं गवत गोळा करत होत्या. दोघींनी आपापले गुडघे एकमेकींना दाखवले म्हणे, आणि मग यांनी थोडं गवत ओढून दिलं. त्याबद्दल पेलाभर ताजं दूध मिळालं. “तिच्या डाव्या गुडघ्यात आहे,” सासूबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. गावात विश्वासावर चालणारं एक छोटं दुकान आहे, विक्रेता नसलेलं. थोरली आता सराईतपणे पैसे टाकून आली.

मंगळवार: गीसबाख आणि इझेल्टवाल्ड

ब्रीन्झ तळ्याचा रंग फोटोत खोटा वाटतो आणि समोर आणखी खोटा वाटतो. हिमनद्यांनी दळलेली खडकाची पूड पाण्यात तरंगत असते, तिच्यावरून उजेड पसरला की हा हिरवट निळा दिसतो. इंटरलाकेन ओस्टहून बोट घेतली. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये या बोटी येतात, आणि पालकांकडे पास असेल तर सोळा वर्षांखालच्या मुलांचं फॅमिली कार्ड फुकट मिळतं. पास काढतानाच मागून घ्या.

गीसबाखच्या धक्क्यावरून वर जायला लाल रंगाची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी, आहे, 1879 पासूनची. सुरुवातीला ती पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली निघाला की दोराने बांधलेला दुसरा डबा आपोआप वर. इंजिन नको, धूर नको. आता विजेवर चालते, पण एकच रूळ आणि बरोबर मध्यावर दोन डबे एकमेकांना चुकवतात ते अजून तसंच आहे. धाकट्याने टक्कर होणार अशी घोषणा केली आणि झाली नाही म्हणून थोडा खट्टूही झाला.

वर एकोणिसाव्या शतकातलं भव्य हॉटेल. 1980 च्या सुमाराला ते पाडायचं घाटत होतं. पर्यावरणासाठी लढणाऱ्या फ्रान्झ वेबर यांनी लोकवर्गणी उभी करून 1983 मध्ये ते वाचवलं. धबधबा त्याच्या शेजारून चौदा पायऱ्यांनी तळ्याकडे येतो, एकूण सुमारे 500 मीटर. यातल्या एका टप्प्याच्या मागून पूल आणि वाट आहे, आणि इथे सासूबाईही आल्या. चढच होता ना. पाण्याच्या मागे उभं राहून त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा भिजला, पुन्हा पुसला, शेवटी काढून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “नाहीतरी पांढरंच दिसतंय.”

तिथून इझेल्टवाल्डपर्यंत तळ्याच्या काठाने दीडएक तासाची पायवाट आहे. सासूबाई आणि नवरा बोटीने गेले, मी मुलांना घेऊन चालत. सगळी सावली, चढउतार थोडे, पण काही ठिकाणी वाटेच्या बाजूला सरळ पाणी आहे. लहान मूल पुढे पळू देऊ नका. मध्ये गोट्यांचा एक चिमुकला किनारा लागला. पाणी जूनअखेरीसही इतकं गार की दहा मोजेपर्यंत पाय बधिर. थोरलीने वीस मोजले. धाकट्याने गुडघ्यापर्यंत जायचं कबूल केलं होतं आणि मग तो बसलाच पाण्यात. कोरडे कपडे रोज पिशवीत ठेवा, दोन जोड, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

इझेल्टवाल्डला एका साध्या लाकडी धक्क्यासमोर रांग आणि फिरतं दार. एका कोरियन मालिकेत तो धक्का दिसला तेव्हापासून एवढी गर्दी उसळली की गावाने फोटोसाठी आत जाणाऱ्यांना पाच फ्रँक लावले. आम्ही शेजारच्या काठावरून तेच तळं फुकट पाहिलं. नवरा तिथे आधीपासून पोचून आल्प्लरमाग्रोनेन खात बसला होता: मॅकरोनी, बटाटा, चीज, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गर. गोड आणि खारट एकत्र म्हणून थोरलीने नाक मुरडलं आणि नवऱ्याची अर्धी बशी संपवली.

बुधवार: मायरिंगेन

हाच तो दिवस.

रायखेनबाख धबधबा मोठ्यांसाठी आहे. शेरलॉक होम्स आणि प्रोफेसर मोरिआर्टी यांची शेवटची झटापट इथे झाली असं लिहिलंय, 4 मे 1891 ही तारीखही दिलेली आहे. कड्यावर नेमक्या जागी पांढरी चांदणी लावली आहे. ज्यांनी होम्स वाचलाय त्यांना तिच्याकडे पाहून पोटात गोळा येतो. माझ्या आला. मुलांना होम्स माहीत नव्हता, आणि मी चढता चढता गोष्ट सांगितली तर धाकट्याचा एकच प्रश्न: मग पोलिसांना का नाही बोलावलं?

1899 पासून चालणारी उघडी फ्युनिक्युलर, वर पाहण्याची गच्ची, समोर 120 मीटरचा वरचा टप्पा. वीस मिनिटांत सगळं बघून झालं. पाण्याला हात लावायला जागा नाही, दगड फेकायला जागा नाही. वाट चढी. दोघं भांडले, काठीवरून. खाली येऊन मायरिंगेनमध्ये मेरिंग खाल्लं. या पदार्थाचा जन्म आपल्या गावात झाला असा मायरिंगेनचा दावा आहे. तळहाताएवढ्या कुरकुरीत पांढऱ्या शिंपल्या, मध्ये घट्ट साय. भांडण मिटलं, शर्ट खराब झाले.

दुपार वाचवली ती आरे नदीच्या घळीने. 1.4 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 200 मीटरपर्यंत खोल, आणि भिंती इतक्या जवळ येतात की दोन्ही हात पसरले तर टेकतील असं वाटतं. नदीवर खडकाला लटकवलेल्या लाकडी मार्गावरून चालायचं. सपाट असल्याने सासूबाईंच्या गुडघ्याला हरकत नव्हती. पण खरा नमुना पूर्वेकडच्या टोकाला आहे. झुलता पूल ओलांडला की समोर डोंगरात एक दार. बस्स, एक दार. ते रेल्वे स्टेशन आहे. बोगद्याच्या आत गाडी येऊन उभी राहिली की दार उघडतं, तुम्ही खडकातून थेट डब्यात पाऊल ठेवता. गाडी थांबवण्यासाठी बटण दाबावं लागतं. ते कोणी दाबायचं यावरून पुन्हा भांडण, मग दोघांनी मिळून दाबलं. दिवसाचं नाव विचारलं तर मुलं आजही “दरवाजाचा दिवस” म्हणतात. होम्सचा उल्लेख नाही.

डोंगरात फिरताना फोनमध्ये 1414 हा नंबर ठेवा, हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या रेगाचा. आणि हवामानासाठी मेटिओस्विसचं ॲप. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो, तेव्हा लांबची वाट सकाळी, घळ-बोगदे-तळी दुपारी, असा क्रम आम्हाला मानवला.

गुरुवार: ऱ्हाइन धबधबा

विमान रात्रीचं होतं. सामान झुरिच स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून तासाभराच्या गाडीने नॉयहाउझेनला गेलो. राइनफाल नावाचं स्टेशन धबधब्याच्या डोक्यावरच आहे आणि तिथून खाली यायला लिफ्ट आहे. गुडघेवाल्यांनी आणि बाबागाडीवाल्यांनी हेच स्टेशन पकडावं.

उंची फक्त 23 मीटर. आठवडाभर तीनशे मीटरच्या उड्या बघितलेल्या धाकट्याने वरून पाहिलं आणि निकाल दिला, “एवढासाच?” रुंदी मात्र 150 मीटर आणि मागे अख्खी ऱ्हाइन नदी. उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी 600 घनमीटर पाणी इथून पडतं. हे आकडे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून बोटीची तिकिटं काढली.

बोटींचे प्रकार वेगवेगळे आहेत, तिकीट घेताना बघून घ्या. एक नुसती चक्कर मारते. सासूबाई तिच्यात बसल्या. दुसरी धबधब्याच्या मधोमध उभ्या असलेल्या खडकावर नेऊन सोडते. आमची ती. बोट फेसात शिरली तशी ती डोलायला लागली, नावाड्याने तोंड वळवून एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि आणखी पुढे घातली. धाकट्याने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. खडकावरच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या आहेत, एका बाजूने चढणारे, दुसऱ्या बाजूने उतरणारे, मध्ये एकमेकांना जागा द्यायची. वर लहानशी गच्ची. चारी बाजूंनी पाणी पुढे येतंय आणि आपण त्याच्या वाटेत उभे. थोरली काहीतरी ओरडत होती, ऐकू येत नव्हतं. धाकट्याने कठड्यातून हात बाहेर काढला, तुषारांनी तो कोपरापर्यंत भिजला, मग दुसरा काढला.

खाली आलो तेव्हा सासूबाई धक्क्यावर उभ्या, नखशिखांत भिजलेल्या. त्यांची चक्कर मारणारी बोटही म्हणे बरीच जवळ नेतात. कोरडे कपडे मुलांसाठी दोन जोड होते, त्यांच्यासाठी एकही नव्हता. झुरिचच्या गाडीत त्या नवऱ्याचं जॅकेट गुंडाळून बसल्या आणि शेजारच्या बाईंना गुडघ्याबद्दल सांगायला लागल्या.